बऱ्या झालेल्या मानसायच्या पट्ट्या

पेनिसिलिनचं चौथं इंजेक्शन झालं तरी माह्या सगुणीच्या पाठीवरचा फोड बसेच ना. एक होता, त्याचे पाच झाले. पोरगी दहा महिन्याची. आंग असं तापे का हात ठेववे ना.

मी आमच्या गावच्या दवाखान्यात आया आहे. झाडझूड करते, जखमायच्या पट्ट्या धुते. दोन बुकं शिकली, म्हणून बाटलीवरचं दवाचं नाव वाचता येते, तेवढंच. पेनिसिलिननं मरता मरता मानसं उठून बसलेले मी डोळ्यानं पाह्यले. मग माह्याच पोरीले ते काऊन लागू होत नाई?

डागदरसाहेबानं फोड पाह्यला. म्हणे, "कौसल्या, हा जंतू दवाखान्यातला आहे."

"म्हणजे जी?"

"रोज पेनिसिलिन पचवून पचवून निब्बर झाला. आता त्यानं मरत नाई. पण फोड होयाच्या आधी तुही पोरगी तं इथी आलीच नाई. तिले भेटला कुठी?"

मले मालूम होतं कुठी.

सगुणीच्या आधीचं लेकरू वाचलं नाई. आमच्यात रीत आहे, मंग त्याच्या पाठच्या लेकराले दहा घरून मागून आणलेलं कापड घालाचं. म्हणजे ते टिकते. मी म्हटलं, दहा घरं कायले फिरू? दवाखान्यात फाटक्या पट्ट्या जाळाले देते. बऱ्या होऊन घरी गेलेल्या मानसायच्या पट्ट्या. त्यायचं बरेपण पोरीले लागन. पदरात बांधून नेल्या, तलावावर धुतल्या, गोधडी शिवली. दवाखान्यात पट्टी उकडल्याबिगर कपाटात जात नाई, अन् उकडणारी मीच. पण घरी नाई उकडल्या. जुनं सूत, विरून जाईन वाटलं. अन् दिसत बी होत्या पांढऱ्याफक.

सांगितलं तं नोकरी जाईन. नाई सांगितलं तं पोरगी. सांगून टाकलं, एका दमात.

सिस्टरबाई कावल्या. "अवं येडे, गोधडी शिवली का मरण शिवलं?"

डागदरसाहेब चिल्लावले नाई. फोड चिरून पू काढला. गोधडी मलेच जाळाले लावली. अन् म्हणे, "तुह्या हातावर, नाकात बी हा जंतू असन. पोरगी चांगली होयेपर्यंत जवळ जायचं नाई. अंगावर पाजाचं बी नाई."

दुसरी दवा नागपूरवरून याची होती. नागभीडच्या गाडीनं ती तिसऱ्या दिवशी आली. सगुणी कोपऱ्यातल्या खोलीत, अन् मी जाळीच्या खिडकीबाहेर. ती रडे, इकडं माह्यी चोळी भिजे. सासू म्हणे, "चाल वं, दोन घास भात खा." मी हलेच ना. रिकाम्या हाताले तिचं वजन लागून राहे. सिस्टरबाई तिले चमच्यानं दूध पाजे. तिनं तोंड उघडलं का मले बरं बी वाटे, अन् आतून जळून बी जाये.

दवा लागू झाली. ताप उतरला, फोड सुकले. अकराव्या दिवशी डागदरसाहेबानं मले कोपरापर्यंत साबणानं हात धुवाले लावले. "घे आता," म्हणे.

घेतली. तिनं माह्याकडं पाह्यलं, अन् सिस्टरबाईकडं दोन्ही हात केले.

सिस्टरबाई म्हणे, "जाय ना वं, माय आहे तुही!"

आठ दिवसानं ओळख आली. पण अंगावर तिनं परत तोंड लावलंच नाई. मी लय करून पाह्यलं.

नोकरी राह्यली. आता गावच्या बाया मले विचारते, लेकराच्या गोधडीले कापड कोणतं घ्याचं? मी म्हणते, कोणतंबी घ्या, पण पहिले उकडा. चुलीले लाकूड जेवढं लागन तेवढं लागू द्या.