झेंड्यामागे किती दिवस?

स्वित्झर्लंडमध्ये माझे आई-वडील हरवले आणि त्यांच्या जागी मला दुसरे मिळाले. वयानं साधारण तेवढेच, स्वभावानं थोडे बरे.

हे कसं झालं ते कळायला आधी आमचं घर माहीत हवं. आम्ही निपाणीचे. आप्पा मराठीचे निवृत्त मास्तर आणि सीमाप्रश्नाच्या प्रत्येक मोर्चात पहिल्या रांगेत. माझं बालपण पत्रकांच्या गठ्ठ्यांवर गेलं. (अक्षरशः! घरात पाट कमी होते.) इतर मुलं ‘बदक’ वाचायला शिकली तेव्हा मी ‘जाहीर निषेध’ वाचायला शिकले. आमच्याकडे वांग्याची भाजीसुद्धा ठराव मांडून होते. सूचक आप्पा, अनुमोदक मी, आणि आईला नकाराधिकार.

एकदा आई बेळगावला कॅम्पातल्या मैत्रिणीकडे गेली आणि येताना एका टूर कंपनीचं गुळगुळीत माहितीपत्रक घेऊन आली. युरोप, बसनं, गाइडसहित. पहिल्याच पानावर बर्फाचा डोंगर.

"मला ह्ये बघायचंय," आई म्हणाली. "आयुष्यात येकदा हातात बर्फ घ्यायचाय. फ्रीजमधला न्हाय, देवानं केलेला!"

"जाऊ या की! पण बसनं नाही!" मी कडाडले.

"का गं? बसनं काय केलंय तुझं?"

"आई, चाळीस माणसं एका झेंड्यामागे मेंढरासारखी चालतात! गाइड म्हणाला उतरा, की उतरायचं. गाइड म्हणाला फोटो काढा, की काढायचा. गाइड म्हणाला लघवीला जाऊन या, की—"

"ते तर लई चांगलं," आप्पा हळूच म्हणाले. त्यांचं वय अडुसष्ट आहे.

मी दोन दिवसांत पत्रक काढलं. ‘झेंड्यामागे किती दिवस?’ शंभर प्रती! पहिलंच वाक्य होतं, ‘झेंड्याकडे बघून चालणाऱ्याला रस्ता दिसत नाही.’ (मला ते फार आवडलं होतं. अजूनही थोडं आवडतं.) त्यातल्या वीस प्रती मी गल्लीत वाटल्या. गल्लीत कुणाचाच युरोपला जायचा विचार नव्हता, त्यामुळे विरोध झाला नाही.

घरच्या सभेत मी ‘प्रवासाचं स्वातंत्र्य’ असा शब्द वापरला आणि आप्पा विरघळले. "मी जन्मभर मोर्च्याच्या पुढं चाललोय. म्हातारपणी कुणाच्या मागं चालणार न्हाय!" असं म्हणून ते ताडकन उठले. गुडघा वाजला, पण ठराव दोन विरुद्ध एक मंजूर झाला.

आईनं नकाराधिकार वापरला नाही. फक्त अट घातली. "बर्फ तू दाखवायचास, जागू. न्हाय दाखवलास, तर तुझी समदी पत्रकं बंबात घालीन."

जागू म्हणजे मी. पूर्ण नाव जागृती. दुसरं काय असणार?

आमचा स्वतंत्र प्रवास पहिल्या दिवसापासून फारच स्वतंत्र झाला. कुठल्याही पर्यटकाला न दिसणारा युरोप आम्ही पाहिला. एक बस डेपो (दोनदा), एका दवाखान्याचं मागचं फाटक, आणि एक असं उपनगर की तिथले रहिवासीही आम्हाला बघून चकित झाले. पॅरिसचा मनोरा दिसला, पण लहान होत जाताना. आम्ही उलट्या दिशेच्या गाडीत बसलो होतो.

"बर्फ कधी?" आई रोज विचारायची.

"आई, खरा प्रवास म्हणजे ठिकाणं नव्हेत. खरा प्रवास म्हणजे—"

"बर्फ कधी?"

चौथ्या दिवशी दशम्या संपल्या. आईनं त्या माझ्याच पत्रकांत बांधून आणल्या होत्या. त्यानंतर तीन दिवस नुसता पाव! आप्पा पावाकडे असे बघत जसे सरकारी परिपत्रकाकडे बघतात.

आणि मग शेवटचा दिवस उजाडला. दुसऱ्या दिवशी परतीचं विमान. आम्ही डोंगराच्या पायथ्याच्या एका गावात होतो आणि तिथून बर्फाकडे जाणारी रेल्वे सुटत होती. मी दोघांना कारंज्याजवळच्या बाकावर बसवलं. "इथून हलायचं नाही," असं सांगून तिकिटं काढायला गेले. तिकिटाचं यंत्र जर्मन बोलत होतं. शेजारच्या खिडकीत एक माणूस मदतीला अगदी आतुर होऊन बसला होता. पण माणसाला विचारणं ही गाइडगिरीची पहिली पायरी! मी यंत्राशी पंचवीस मिनिटं झुंजले आणि तीन तिकिटं जिंकून विजयी मुद्रेनं परत आले.

बाकावर दुसरीच दोघं बसली होती.

बाईंच्या अंगावर इरकल साडी, वर स्वेटर, पायात बूट. शेजारी टोपीवाले आजोबा. दोघांच्या गळ्यात टूर कंपनीचं ओळखपत्र.

"इथं माझे आई-वडील होते," मी म्हणाले.

"हितं आमची बस हुती," बाई म्हणाल्या.

आम्ही तिघांनी मिळून रिकाम्या जागेकडे पाहिलं.

त्या गंगाक्का, हुबळीच्या. माहेर संकेश्वर, म्हणून मराठी. आजोबा म्हणजे त्यांचे यजमान बसण्णा, सासुरवाडीमुळे त्यांनाही मराठी येत होतं. दोघं हात धुवायला गेली आणि बाहेर येतात तो बस गायब. त्यांच्या ओळखपत्रावर गाइडचा नंबर होता. मी फोन लावला.

"शक्यच न्हाय!" गाइड ओरडला. "चाळीस म्हंजे चाळीस! तीनदा डोकी मोजल्यात मी!"

"त्यातली दोन डोकी आमची आहेत!"

मग त्यानं बसमध्ये कन्नडमधून विचारलं, की आपल्यात जास्तीचं कोण आहे. कुणीच हात वर केला नाही. उलट एक ओळखीचा आवाज अस्खलित कन्नडमध्ये काहीतरी गंमत सांगत होता आणि अख्खी बस हसत होती.

ते आप्पा होते! माझे आप्पा! निपाणीच्या बसस्टँडवर कन्नड पाटी मनातल्या मनात वाचून झाल्यावरही, केवळ तत्त्वासाठी, कंडक्टरला मराठीतच "ही गाडी कुठं जाती?" असं विचारणारे आप्पा!

नंतर उलगडा झाला. बाकामागे हुबळीची टूर जेवायला थांबली होती. चित्रान्नाच्या, म्हणजे लिंबू पिळलेल्या भाताच्या, फोडणीचा वास आला. तेवढ्यात कुणीतरी आप्पांचं तोंड बघून हाक मारली, "बर्री, ऊटा आतेन्री?" या, जेवण झालं का? तीन दिवस नुसत्या पावावर काढलेला माणूस! चाळीस वर्षांचा बाणा एका घासात गिळून आप्पा म्हणाले, "इल्लरी!" नाही हो! आणि ताट घेऊन बसमध्ये चढले. मागोमाग आई. गाइडनं डोकी मोजली, हिशोब जुळला, दार बंद.

"मास्तरास्नी काय आता सोडत न्हाय आमची मंडळी," गाइड म्हणाला. "आणि घाटात गाडी वळवता येत न्हाय. पाच वाजता कारंज्यापाशी येतो. तवर आमची दोघं सांभाळा."

"आईला फोन द्या!"

"जागू," आईचा आवाज थरथरत होता, "खिडकीतनं बर्फ दिसायलाय गं! ठेव फोन!"

ठेवला.

आता बसण्णांना सांभाळायचं होतं. ते पहिल्याच वळणावर हरवले. घड्याळाच्या दुकानात सापडले. दुसऱ्या वळणावर पुन्हा हरवले, ते एका पोस्टमनच्या मागून जाताना सापडले. त्याची पिशवी पिवळी होती आणि तो ठाम पावलं टाकत होता, एवढंच कारण.

"झेंडा कुठाय?" त्यांनी मला विचारलं.

"झेंडा नाही, आजोबा. आपण स्वतंत्र आहोत."

"मग कुणाकडं बघून चालायचं?"

मी त्यांना पत्रकातलं पहिलं वाक्य म्हणून दाखवलं.

"अगं पोरी, कायतरी वर धर!" गंगाक्का कळवळल्या. "बारा दिस झेंडा बघून चालल्यात ते. तिसऱ्यांदा हरवले तर मी हुबळीला काय तोंड दाखवू?"

माझ्याकडे छत्री होती. पिशवीत कागद एकच, तेलकट, दशम्यांचा. गंगाक्कांनी बांगडीतली सेफ्टी पिन काढली आणि कागद छत्रीच्या टोकाला टोचला. मी छत्री वर धरली. भर स्वित्झर्लंडात ‘झेंड्यामागे किती दिवस?’ डौलानं फडकू लागलं आणि बसण्णा मुकाट्यानं त्याच्यामागे चालू लागले!

पुलापाशी मागे वळून पाहिलं तर आम्ही सात होतो. चर्चपाशी अकरा. कुठली कोण मंडळी! एका गोऱ्या आजींनी चर्चकडे बोट करून मला काहीतरी विचारलं. "ओल्ड," मी म्हणाले. "व्हेरी ओल्ड." त्यांनी वहीत लिहून घेतलं.

खरं सांगते, मला ते आवडायला लागलं. "उजवीकडे! फोटो! पाच मिनिटं!" माझा आवाज चढत गेला. आणि चारच्या सुमाराला माझ्याच तोंडून मी ते वाक्य ऐकलं. "सगळ्यांनी लघवीला जाऊन या!"

सगळे गेले. गोऱ्या आजीसुद्धा.

पाचला बस आली. आप्पांना निरोप द्यायला चाळीसच्या चाळीस माणसं खाली उतरली. (म्हणजे अडतीस. मलाही आता मोजायची सवय लागलीय.) आप्पा माझ्याकडे बघून म्हणाले, "काय गं, कुठं गेलतीस? तिकिटाला येवढा येळ?"

आईचं नाक लाल झालं होतं आणि चेहरा असा उजळला होता की मी चिडायचंच विसरले. तिनं पदराखालून स्टीलचा डबा काढला. "तुझ्यासाठी आणलाय! उघड!"

मी उघडला. आत पाणी होतं.

"मगाशी हुता गं!" आई म्हणाली. मग थोडा विचार करून म्हणाली, "पर जागू, अट काय हुती? बर्फ तू दाखवायचास."

निपाणीला आल्यावर तीन दिवस आम्हा सगळ्यांच्या बंबाच्या कडक पाण्यानं अंघोळी झाल्या.

पुढच्या आठवड्यात त्या गाइडनं मला एक फोटो पाठवला. टूर संपताना प्रवाशांकडून अभिप्राय भरून घेतात, त्यातला गंगाक्कांचा कागद. ‘गाइडबद्दल सूचना’ या रकान्यात त्यांनी लिहिलं होतं, "दुसरी गाइड पोरगी गुणाची हाय. पर झेंड्यावरचं आमच्या ह्यास्नी लांबनं वाचायला येत न्हाय."

सूचना रास्त आहे. पत्रकाची नवी आवृत्ती छापायला टाकलीय. मजकूर तोच, तत्त्वाशी तडजोड नाही. फक्त मथळ्याचं अक्षर चौपट केलंय. मागून चालणाऱ्यांना दिसायला हवं!