दहा दगड, अकरा मैल

लढाईच्या दिवसांत पेट्रोल कुपनावर मिळे. मी लोणावळ्यात डॉक्टरकी करत होतो, म्हणून माझ्या वाट्याला चार थेंब जास्त येत. मोटार म्हातारी होती, पण तिचा मीटर एकाएकी तरुण झाला. कामशेतचा रोगी पाहून परत आलो की येऊनजाऊन वीस मैलांचे तो बावीस दाखवी.

स्टेशनजवळच्या मिस्त्रीने मीटर तीनदा उघडला. तार बाहेर काढून पुसली, तेल दिलं, परत बसवली. मीटर ठणठणीत आहे, म्हणाला. मग दोष कुणाचा? एवढ्या निदानाला माझ्यासारख्या हुशार माणसाला नाडीसुद्धा धरावी लागली नाही. मी आत रोगी तपासतो तेव्हा आमचा ड्रायव्हर बाहेर सोयऱ्याधायऱ्यांना हिंडवून आणत असणार!

आंदर मावळातला हा माणूस सहा वर्षं माझ्याकडे होता. ओढ्यात रुतलेली गाडी त्याने कितीदा खांद्याने रेटून काढली होती. त्या दोन मैलांपुढे मला ते सगळं फिकं वाटलं. दवाखान्यात बसलेल्या रोग्यांसमोर मी त्याला चोर म्हणालो. एकांतात बोललो असतो, तर माझी हुशारी कुणाला कळली असती?

त्याचा चेहरा उतरला. एवढंच म्हणाला, "डाक्टरसायेब, उद्या कामशेतापातूर चला. मैलाचं दगड तुमीच मोजा."

दुसऱ्या दिवशी मी शाळकरी पोरासारखा मोठ्याने दगड मोजत बसलो. गाडी वाटेत कुठेही थांबली नाही की वळली नाही. दहावा दगड आला आणि मीटरवर अकरा मैल भरले. त्याने गाडी कडेला घेतली. मागे बांधून आणलेलं याच गाडीचं फाटकं जुनं टायर सोडलं, त्याच्याभोवती सुतळी फिरवून तोडली. तीच सुतळी चाकावरच्या टायरभोवती धरली, तर वीतभर उरली.

"ही दुसऱ्या गाडीची टायरं बुटकी हायेत," तो म्हणाला. "चाक जास्त फिरतंय, मीटर फेरं मोजतुया. त्येचाबी गुना न्हाई."

नवी टायरं मिळत नव्हती, तेव्हा ती मीच मोठ्या फुशारकीने पैदा केली होती. मला लाज वाटली, चांगलीच वाटली. पण आवाजातला डॉक्टर काही हटेना. "बरं झालं, तुझ्यावरचा आळ गेला," मी उदारपणे म्हणालो.

तो सुतळी गुंडाळत होता. "मीटर तुमी तीनदा उघडून बगितला. मला येकदाबी इचारलं न्हाई."

त्याने मला जपून परत आणलं, गाडी पुसली आणि किल्ली दवाखान्यातल्या मेजावर ठेवली. बाकावर कालचेच रोगी बसले होते. ते एकदा त्याच्याकडे बघत होते, एकदा माझ्याकडे. 'चुकलो' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी पुढच्या रोग्याला आत बोलावलं.