खालांच्या कोनाड्यातलं घर

मुरूम गावातल्या आमच्या शेजारच्या खालांचा आवाज भांडणात कधी चढत नसे, कारण तो मुळात चढलेलाच असे. त्यांनी सुनावलेलं बोलणं दोन घरं सोडून कुणाला तरी लागू पडायचंच. निजामाचं राज्य गेलं, त्यांच्या नवऱ्याच्या कापडदुकानावरची उर्दू पाटी मराठी झाली, पण हुकूम खालांचाच राहिला.

या दांडग्या बाईचा जीव मात्र एका कोनाड्यात होता. तिथं बाहुलीच्या घराचं लाकडी सामान मांडलेलं असे. वीतभर पलंग, पाळणा, चौरंग, दोन खुर्च्या आणि दार उघडणारं कपाट, सगळं लाल-पिवळ्या रंगात. पलंगाच्या उशाशी दोन पोपट होते. एकाची चोच तीन पिढ्यांच्या पोरींनी अंगठा फिरवून पुसून टाकली होती. हे सामान आईकडून लेकीकडे असं खालांपर्यंत आलं आणि तिथं गाडं अडलं. खालांना चारही मुलगेच.

आम्हा पोरींना खेळायची मुभा होती, पण हात धुऊन. "रिकामा पाळणा हलवायचा न्हाय!" म्हणून त्या ओरडायच्या, मग आम्ही त्यात चिंचोका निजवायचो. एकदा मी धीर करून म्हटलं, "खाला, तुम्हाला मुलगी नाही. हे मला द्या की."

"पोरीचंच हाय ते. माझी पोर आली की तिला देईन," त्या म्हणाल्या. तेव्हा त्यांच्या धाकट्यालासुद्धा मिसरूड फुटलं होतं. आता कुठली पोर येणार, म्हणून मी मनातल्या मनात सामान माझ्या नावावर करून टाकलं.

मग थोरल्याचं लग्न झालं. बेंबळी गावची कोवळी सून घरात आली आणि जेवणखाण सोडून रडतच बसली. सासूचा आवाज ऐकूनच हबकली, असं बायका म्हणू लागल्या. एका दुपारी खालांनी कोनाडा रिकामा केला, सगळं सामान सुनेपुढं ठेवलं आणि शेजारी फतकल मारली. "चुलीचं मागनं बघू. आदी ह्ये घर मांड. तुजंच हाय आता."

सुनेनं डोळे पुसले, पलंग उचलून कपाटाशेजारी ठेवला.

"तितं नगं, दाराचं वारं लागंल."

"मग पांघरूण घालीन," सून म्हणाली. त्या घरात ती पहिल्यांदाच बोलली होती. खाला अशा खदखदून हसल्या, की सासू-सुनेची भातुकली बघायला गल्ली गोळा झाली.

मी घरी येऊन उशीत तोंड खुपसून रडले. खालांची पोर आली होती, आणि ती मी नव्हते.

पुढं माझं लग्न जळकोटला ठरलं. पाठवणीच्या वेळी खाला माझ्या सासूबाईंसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "आमची पोर रडकी हाय. रडली तर रागवू नगा. आदी काय तरी खेळायला द्या."

सगळा मांडव हसला. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पदर सावरत स्वयंपाकघराशी गेले, तर सासूबाईंनी मला दारातच थांबवलं.

"चहा मी टाकलाय," त्या म्हणाल्या. "तू आधी सांग, तुला खेळायला काय आवडतं?"