नकाशातला निळा डाग

चार माणसं आणि एक जुना नकाशा एकत्र आले, की किस्से गोळा करावे लागत नाहीत. ते आपोआप साचतात. आमच्या तंजावरच्या टोळीचे इतके साचलेत, की कुठला आधी घडला आणि कुठला नंतर, यावरून अजून आमची भांडणं होतात! तेव्हा क्रम माझा, भांडण तुमचं.

टोळीतले पहिले सेतुराव. नकाशे काढण्याच्या एका सरकारी कचेरीत ड्राफ्ट्समन म्हणून रिटायर झालेले. जन्मभर गावं काढली, पण त्यातल्या एकाही गावात पाऊल टाकलं नाही. खुर्ची, दिवा आणि ट्रेसिंग पेपर! दुसऱ्या कमलाक्का, मुलींच्या शाळेत भूगोलाच्या टीचर. तिसरा मुरुगेसन, झेरॉक्सच्या दुकानाचा मालक. हा तमिळ, आम्ही बाकीचे तिघं पिढ्यान्‌पिढ्या तंजावरचे मराठी; पण आमच्यात बसून बसून त्याला आमचं मराठी कळायला लागलं होतं, विशेषतः त्याच्याबद्दल बोललेलं. चौथा मी, रघू. टेलिफोन खात्यात होतो. गावोगावी एसटीडी बूथ निघायचे ते दिवस, त्यामुळे सगळे आडरस्ते मला पाठ. पुढं पुण्याला बदली झाली आणि माझं मराठी सुधारलं. बिघडलं, असं अक्का म्हणतात.

नकाशा अक्कांना शाळेच्या कपाटात सापडला. इंग्रजांच्या काळातला, मागे कापड लावलेला, एका मैलाला एक इंच. पाणी निळं, रस्ते तांबडे. दर रविवारी त्यातलं काहीतरी निवडायचं, सायकली काढायच्या, लांब असेल तर बस धरायची, आणि ते अजून जागेवर आहे का, ते बघून यायचं. नियम एकच, तोही अक्कांचा: सापडल्याशिवाय परत फिरायचं नाही.

हा नियम आमच्या पोटाला फार महागात पडला!

*

पहिल्याच रविवारी मुरुगेसन म्हणाला, "मूळ नकाशा उन्हात कशाला नेता? मी झेरॉक्स काढतो."

काढली. झकास आली. तिरुवैयारूच्या पुढं एक जुनी गाडीवाट शोधायची होती. झेरॉक्समध्ये ती ठळक दिसत होती, छान वळणं घेत जाणारी. मी पुढं, बाकीचे मागं. बांधावरून उतरलो, केळीच्या बागेतून गेलो, वाट काही लागेना. नियम म्हणजे नियम! मी सायकल तशीच दामटली आणि कमरेएवढ्या पाण्यात जाऊन उभा राहिलो.

"रघू, काय करूलालास तिथं?" वरून सेतुराव ओरडले.

"मामा, नकाशात रस्ता आहे!"

सेतुरावांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आणि शांतपणे म्हणाले, "मुरुगेसा, तुझ्या मशीनला निळं आणि तांबडं कळतं का?"

मुरुगेसनच्या मशीनला सगळंच काळं दिसत होतं. मी कालव्यातून सायकल चालवत होतो. त्या दिवसापासून मूळ नकाशा आमच्याबरोबर फिरू लागला आणि मुरुगेसनच्या अंगावर छत्री धरायचं काम पडलं. माणसावर नाही, नकाशावर!

*

तेव्हा आमच्या भागात अनोळखी माणसाच्या हातात नकाशा दिसला, की पोलिसांच्या भुवया वर जायच्या. एका बस स्टँडवर आम्ही नकाशा पसरून बसलो होतो. होकायंत्र वगैरे जय्यत तयारी! हवालदार आला. पहिला प्रश्न, कोण तुम्ही? दुसरा, हे कुणाला विकणार?

अक्का म्हणाल्या, "मी टीचर आहे. तुम्हाला नकाशा वाचता येतो का?"

असं विचारल्यावर कोण नाही म्हणेल? हवालदार बाकावर बसला. अक्कांनी त्याला धडाच दिला. हे देऊळ, ही झाडी, हे भात. पाच मिनिटांत त्याने स्वतःच्या सासऱ्याचं गाव शोधून काढलं. मग मात्र त्याचं बोट एका जागी थांबलं.

"इथं आंब्याची बाग कुठाय?"

"नाही. भातशेती आहे."

"बघा नीट. माझा सासरा सांगतो, पणजोबापासूनची बाग आहे. लग्नाच्या बोलण्यात हीच बाग दाखवली मला!"

अक्कांनी भिंग लावून बघितलं. झाडाचं एक चिन्ह नाही. हवालदार उठला, टोपी घातली आणि चहावाल्याला हाक मारली, "ह्या चौघांना कॉफी! आणि हा नकाशा आणखी अर्धा तास कुणी हलवायचा नाही, मी बायकोला घेऊन येतो."

*

अक्कांच्या हट्टाचा नमुना सांगायचा तर स्वयंपाकघराचा सांगावा लागेल.

एका खेड्यात जुना रस्ता शोधत आम्ही एका घरापाशी आलो. नकाशात रस्ता सरळ पुढं जात होता, प्रत्यक्षात समोर भिंत. मी म्हटलं, संपला, चला. मला भूक लागली होती.

"कोठं जाऊलालात? सापडलं नाही की अजून!" असं म्हणून अक्कांनी दाराची कडी वाजवली. दार उघडणाऱ्या बाईला त्यांनी तमिळमध्ये, अगदी वर्गात सांगावं तसं सांगितलं, "अम्मा, आम्हाला पलीकडे जायचं आहे. रस्ता तुमच्या स्वयंपाकघरातून जातो."

मला वाटलं, आता झाडू येणार. बाईंनी नकाशाकडे बघितलं, आमच्या तोंडांकडे बघितलं. माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं.

"रस्ताच असेल तर मी कोण अडवणार?" त्या म्हणाल्या. "पण इथून जाणारा माणूस उपाशी जात नाही. पाय धुवा, पानं मांडते."

सांबार, वांग्याची भाजी, ताक. असा रस्ता पुन्हा मिळाला नाही. मागच्या दाराने बाहेर पडलो तेव्हा समोर खरंच जुन्या वाटेचा दगडी बांध होता, आणि मुरुगेसन म्हणत होता, "अक्का, पुढच्या रविवारी हाच रस्ता पुन्हा तपासू या."

*

आता जरा गंभीर. सेतुरावांचा किस्सा त्यांच्या परवानगीने सांगतोय.

पापनाशमच्या अलीकडे एक गाव आहे. नाव सांगत नाही, प्रकरण कचेरीपर्यंत गेलं होतं. जुन्या नकाशात त्या गावाशेजारी मसुराच्या दाण्याएवढा निळा ठिपका होता. म्हणजे कुळम, गावतळं. सेतुराव आपल्या कचेरीतला नवा नकाशा नेहमी जवळ बाळगायचे, ताडून बघायला. नव्यात ठिपका नव्हता.

आम्ही गेलो. सपाट जमीन. जुन्या कडेवर चार ताडाची झाडं, मध्ये तांबड्या मातीचे ढीग, प्लॉट पाडून रोवलेले पांढरे दगड आणि एक मोठा बोर्ड: अमुक अमुक नगर. खालच्या गल्लीतली एक बाई भांडी घासत होती. तिला विचारलं, तर म्हणाली, "पाणी आणणारा कालवा बुजला, मग कुळम आटलं. पण पावसाचं पाणी तरी त्यात मावायचं. आता माती टाकली. आता ते माझ्या चुलीत येतं!"

सेतुराव दोन्ही नकाशे समोरासमोर धरून बसले. परतताना बसमध्येही. त्यांच्या घराच्या पायरीवर बसल्यावर म्हणाले, "रघू, नवा नकाशा मी काढला."

"माहीत आहे, मामा."

"माहीत नाही तुला. मज दिलेल्या जुन्या कागदावर शाई सांडलेली होती. तीन निळे डाग. तिन्ही सोडून दिले मी. दोन डागच होते." ते थांबले. "तिसरा कुळम होता. डाग म्हणून वाटलं मज."

ट्रेसिंग करणाऱ्या माणसानेच करावी अशी चूक! त्यांनी ते गाव कधी पाहिलंच नव्हतं. मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेलो, तर हात वर करून थांबवलं मला. म्हणाले, "प्लॉट विकले जाण्याआधी ते कुळम परत यायला पाहिजे. मी काढून टाकलं, मीच घालणार." मला त्या म्हाताऱ्याचं फार वाईट वाटलं, आणि अभिमानही वाटला.

*

प्लॉट पाडणाऱ्या कंपनीच्या माणसाने आमच्यापुढं नवा नकाशा आपटला. "सरकारी नकाशा आहे! दाखवा कुळम!"

सेतुराव वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "अक्षर छान आहे ना?"

"आहे. मग?"

"माझं आहे."

त्यानंतर तालुका कचेरीच्या वाऱ्या सुरू झाल्या. दर सोमवारी सेतुराव पहिल्या बसने निघत, बाकावर बसत, दुपारी डबा उघडत, संध्याकाळी परत. क्लार्क कंटाळून फाइल हरवायचा, सेतुराव दुसऱ्या सोमवारी नवी प्रत घेऊन हजर. मुरुगेसनने तेवढ्यासाठी रंगीत झेरॉक्स काढून देणारं दुकान मद्रासला शोधून काढलं आणि स्वतः जाऊन आला. कालव्यातल्या पापाचं प्रायश्चित्त!

एकदा क्लार्कने अर्ज वाचता वाचता चष्मा काढला. "इथं लिहायचं असतं, तक्रार कोणाविरुद्ध. तुम्ही स्वतःचं नाव घातलंय."

"बरोबर घातलंय."

"अहो, स्वतःविरुद्ध तक्रार करून फायदा काय?"

"आरोपी हजर आहे, सार. पुढची तारीख द्या."

त्याच क्लार्कने आणखी एक विचारलं होतं. पांढऱ्या शर्टाच्या खिशात पेन सगळेच ठेवतात, तुम्ही ही निळी पेन्सिल कशाला आणता?

"लागेल," सेतुराव म्हणाले.

*

शेवटी तहसीलदार जागेवर आले. दुपारची वेळ, जेवणाची घाई. जीपमधून उतरताच म्हणाले, "जुना नकाशा म्हणतो आहे, नवा म्हणतो नाही. मी दोन कागदांचं भांडण किती दिवस ऐकू? गावातल्या माणसाला विचारा."

गावातला माणूस म्हणजे तलैयारी, आपल्याकडच्या कोतवालासारखा. साठीच्या घरातला, तिथंच जन्मलेला, तिथंच नोकरी केलेला. कंपनीने त्याच्या मुलाला नगराचा वॉचमन करायचं कबूल केलं होतं. सगळ्या गावाला ते माहीत होतं, त्यामुळे त्याने आमच्याकडे बघितलंच नाही.

"इथं कुळम होतं?" तहसीलदारांनी विचारलं.

"नव्हतं, अय्या."

"कधीच?"

"कधीच नाही. आधीपासून सपाट."

कंपनीचा माणूस हसला. खालच्या गल्लीतल्या बायका कडेला उभ्या होत्या. त्यातली एक, जिच्या चुलीत पाणी शिरायचं ती, काही बोलायला पुढं आली, तिला क्लार्कने गप्प केलं. अक्कांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं, की बांगडीचा वळ उठला. सेतुराव मात्र ताडाच्या झाडाकडे बघत उभे होते.

"संपलं तर मग," तहसीलदार म्हणाले. "आलोच आहोत तर माप घेऊन टाका. तलैयारी, साखळीचं टोक धर आणि त्या समोरच्या ताडापर्यंत जा."

क्लार्कने साखळीचं एक टोक धरलं. तलैयारीने दुसरं घेतलं आणि चालू लागला. चार पावलं सरळ गेला. मग डावीकडे वळला. कडेवरच्या ताडांना धरून, पांढरे दगड उजव्या हाताला ठेवून, लांबच लांब वळसा घालत, खाली मान घालून तो सवयीच्या पावलांनी चालत राहिला. साखळी वाकली, गवतात अडकली, क्लार्कला टोक धरून जागच्या जागी फिरावं लागलं.

"अरे, सरळ जा की!" तहसीलदार ओरडले. "मध्ये काय आहे?"

तलैयारी थांबला. त्याने आधी स्वतःच्या पायांकडे बघितलं. मग समोरच्या कोरड्या, सपाट जमिनीकडे. साखळी त्याच्या हातातून खाली पडली.

तहसीलदारांनी जीपच्या बॉनेटवर नवा नकाशा पसरला, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि मागे न बघता विचारलं,

"निळी पेन्सिल आहे का कुणाकडे?"