पाट्याखालचा कागद

नदीकाठच्या गावातल्या आप्पासोंचा फोटो स्टुडिओ बंद झाला, तरी घरातल्या न्हाणीघरातला लाल दिवा तसाच होता. खिडकीला काळं कापड लावलं की तीच त्यांची डार्करूम. पण आत जाऊन फोटो धुवायचे कुणासाठी? आपल्या हातात आता काही उरलं नाही, असंच त्यांनी मनाशी धरलं होतं.

अशात मनुबाई आली. महापुरात तिच्या घरातला नवऱ्याचा, केरबाचा, एकमेव फोटो वाहून गेला होता. उद्या नातवाचं लग्न.

"देव्हाऱ्याजवळ त्येंचा फोटो पायजे, आप्पासो. तुमच्याशिवाय कुणाकडं जाऊ?"

निगेटिव्ह आप्पासोंनी जपून ठेवली होती. गावात कुणी नव्या कॅमेऱ्यापुढं उभं राहत नव्हतं, तेव्हा फौजेतून सुट्टीवर आलेला केरबा म्हणाला होता, "कर गड्या माझ्यापासनं भवानी!" ते उपकार कसे विसरणार? पण तो पहिलाच फोटो, हात नवा, त्यामुळं निगेटिव्ह फिकी. मोबाइलवर फोटो काढून देणाऱ्या पोरांना त्यात नुसता धूर दिसला असता.

आप्पासो कपाटात फोटो छापायचा कागद शोधू लागले.

"काळं पाकीट कुठाय गं?"

"उनात घातलं की," त्यांची बायको हौसाबाई म्हणाली. "लय कुबट वास मारत हुतं. डाळीसंगं कागद बी वाळवलं."

आप्पासो मटकन बसले. "अगं, उजेड लागला की संपला त्यो कागद! एवढाच हुता."

"मग जल्मात एकदा सांगायचं न्हाई व्हय? आन पसरलं न्हाईत मी. वारं सुटलं, म्हणून गठ्ठाच ठिवला आन वर पाटा."

"पाटा?" आप्पासो उठले.

पाट्याखाली दाबलेल्या मधल्या कागदांना ऊन लागलं असलं, तर फक्त कडेनं. लाल उजेडात त्यांनी गठ्ठ्याच्या मधला कागद काढला. यंत्रातून निगेटिव्हवरचा केरबाचा चेहरा त्यावर बरोबर मधोमध पाडला. चेहरा काळवंडू नये म्हणून बोटांची सावली त्यावर हलवत राहिले. कागद औषधात बुडवला, तर आधी कडाच काळ्या झाल्या. काळं आत सरकू लागलं. गेलं, असं वाटलं त्यांना. मग ते थांबलं, आणि मधे टोपी आली, भुवया आल्या, मिशी आली.

मनुबाईनं ओला फोटो दोन्ही हातांनी धरला.

"आलं की वो! पर कडंनं हे काळं कशाचं?"

"माझी करणी," हौसाबाई पुटपुटली.

"ऱ्हाऊ द्या वैनी. अंधारातनं आल्यागत दिसत्यात. सुट्टीला बी शेवटच्या एष्टीनंच यायचे." बोलता बोलता तिनं डोळ्यांना पदर लावला.

आप्पासोंनी हात जोडले. "मनुबाई, तुमी आलात, म्हणून मी..."

"आवं, बोला की!" हौसाबाई म्हणाली.

"उद्या बोला म्हणावं," मनुबाई हसली. "सकाळी लवकर या दोघं. फोटो तुमच्याच हातानं ठिवायचा हाय."