मेणाची गोष्ट

सिंगापुरात आमच्या आंग मो किओच्या ब्लॉकमध्ये शैला म्हणजे एक प्रकरण आहे. माझ्या समोरच्याच फ्लॅटमध्ये राहते, म्हणून सांगते. नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या राहण्याच्या पासवर आलेली, नोकरी नाही, पण स्वस्थ बसेल तर शपथ! दर रविवारी व्हिएतनामी मुलींना फुकट इंग्रजी शिकवते.

२०१६ साली एका रविवारी तिने त्यांना ‘सिन्सिअर’ शब्द शिकवला. अर्थ प्रांजळ. उगमही सांगितला, अगदी रंगवून: म्हणे रोमन मूर्तिकार तडे मेणाने बुजवत, म्हणून बिनमेणाची, लॅटिनमध्ये ‘सिने सेरा’, ती खरी मूर्ती. मुली खूश, बाई त्याहून खूश.

आणि मंगळवारी सकाळी बाई माझ्या दारात, केसही न विंचरता. "नीता, मेली ती मेणाची गोष्ट खोटी आहे गं! आत्ता शब्दकोशात बघितलं. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ नुसता स्वच्छ, निर्भेळ. आणि लान आज इंटरव्ह्यूत आवडता शब्द म्हणून तीच सांगणार आहे! फोनही लागत नाहीये."

लान तिची विद्यार्थिनी. नोव्हेना भागातल्या एका दवाखान्यात मदतनिसाची जागा होती. ती हुकली तर महिनाअखेर पास संपून व्हिएतनामला परत.

"कोण कोश उघडून बसलंय तिथे?" मी म्हटलं. "बस गप."

बसते कसली! पर्स घेतली, ठेवली, पुन्हा घेतली. शेवटी मीच चपला घातल्या. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, ती दर स्टेशनला उठून उभी राहायची. मला तर संताप आला होता, एका शब्दापायी एवढी वणवण!

लान दवाखान्यात बाकावर बसली होती. शैला धापा टाकत म्हणाली, "माझं चुकलं. ती गोष्ट सांगू नकोस."

लान उठून उभी राहिली. अडखळत्या इंग्रजीत म्हणाली, "टीचर, मला माहीत होतं. रविवारीच बघितलं."

"मग बोलली का नाहीस?"

"टीचरला चूक कसं म्हणू? म्हणून तीच सांगणार होते."

शैलाला रडूच फुटलं. तेवढ्यात लानला आत बोलावलं.

वीस मिनिटांनी ती बाहेर आली. "घेतलं मला!"

"सांगितलंस काय?"

"गोष्ट खोटी आहे म्हटलं. पण शिकवणाऱ्या बाई तेवढं सांगायला धावत आल्यात, बाहेर बसल्यात."

दारातून दोन डॉक्टर आमच्याकडे टकामका बघत होते. शैला घाईघाईने विस्कटलेले केस सावरायला लागली. लानने तिचा हात धरून खाली घेतला.

"नको, टीचर, असेच राहू द्या," ती म्हणाली. टीचरला ‘नको’ म्हणायची तिची ही पहिलीच वेळ.