भोकं बुजवणारा मनीराम

मनीराम रहांगडालेला आमच्या गावात कोणी आळशी म्हणणार नाही. अडाणी म्हणतील, हट्टी म्हणतील, त्याचा मोठा भाऊ टिकाराम तर आणखी बरंच काही म्हणेल. पण धानाच्या बांधीची पार, म्हणजे भातखाचराचा बांध, घालावी तर मनीरामनंच. पारीत खेकड्यानं भोक पाडलं की आमची नजर तिकडे जायच्या आत त्याची मूठ चिखलासकट आत गेलेली असायची. त्याच्या बांधीतून थेंबभर पाणी खाली उतरत नसे. खाली टिकारामची बांधी होती, हीच काय ती अडचण.

दोन हजार सातच्या रोवणीत, म्हणजे भातलावणीत, टिकारामचे पऱ्हे, लावायची रोपं, पिवळे पडत चालले. तो पारीवर येऊन म्हणाला, "थोडी पार फोड गा, पाणी दे." मनीराम म्हणाला, "माह्या बांधीतलं पाणी माह्याच बांधीत राहीन." तिथून शब्दाला शब्द वाढला, आजोबांपर्यंतची उणीदुणी निघाली आणि शेवटी मनीरामनं भर पारीवर शपथ घेतली, "तुह्या छताखाली पाय ठेवीन तर बापाचा नाई!" आवेशात त्याच्या एक गोष्ट लक्षात राहिली नाही. वाटणीत घर टिकारामकडे गेलं होतं आणि मनीराम आणि त्याची बायको सुंदरबाई त्याच छताखाली दोन खोल्यांत राहत होते.

शपथ मोडायची नव्हती आणि नवं घर बांधायला वेळ नव्हता. सालेकसा रस्त्याचं काम आटोपून एक ठेकेदार तेव्हा बस्तान हलवत होता. त्याच्या साहेबाची राहायची चाकावरची खोली, आत पलंग, शेगडी, खिडकीला पडदे, अशी धूळ खात उभी होती. मनीरामनं आपली ट्रॅक्टरची ट्रॉली देऊन ती घेतली आणि टिकारामच्या अंगणासमोर, रस्त्यापल्याडच्या आपल्या उंचवट्यावर आणून उभी केली. भावाला रोज दिसली पाहिजे, हा मुद्दा होता. तो तिला बंगला म्हणे. गाव डब्बा म्हणे. कचारगडच्या जत्रेच्या दिवसांत तर दोन-तीन यात्रेकरूंनी तिकीटघर समजून दार वाजवलं आणि तिकीट कुठं मिळतं म्हणून विचारलं.

डब्बा ओढून आणणारा गोंदियाचा ड्रायव्हर जाताना खाली वाकून म्हणाला होता, "चाचा, नीचे ये छेद हैं ना, इन्हें खुला रखना." मनीरामनं मान डोलावली. ऐकलं मात्र काहीच नाही.

पुढच्या पावसाळ्यात डब्ब्याच्या छताच्या कोपऱ्यातून पाणी भिंतीच्या पत्र्यात शिरायचं, आतल्या आत उतरत फळ्यांच्या जमिनीखाली यायचं आणि पोटाच्या पत्र्याला असलेल्या त्या भोकांतून निमूट टपकायचं. मनीरामला छत दिसलं नाही. भोकं दिसली. धानवाल्याला टपकणारं भोक दिसलं की त्याचा हात थांबत नाही. त्यात ते पाणी उतारानं वाहत जात होतं थेट टिकारामच्या अंगणात!

"खेकड्याची जातच वाईट," म्हणत तो डब्ब्याखाली उताणा शिरला. पहिल्यांदा त्यानं चिखल लावला, तो वाहून गेला. मग रस्त्यावर उरलेलं डांबर तापवून त्यानं एकूणएक भोक बुजवलं. टपकणं बंद झालं. मनीराम मिशीला पीळ देत आठ दिवस गावभर सांगत फिरला की इंजिनेराला जमलं नाही ते आपण केलं.

पाणी बिचारं जाणार कुठं? ते पोटातच राहिलं. जमिनीच्या फळ्या फुगल्या, कुबट वास सुटला, पलंगाखाली ठेवलेल्या पोत्यातल्या धानाला मोड आले. "मनीरामनं यंदा पऱ्हे डब्ब्यात टाकले," असं लोक म्हणायला लागले.

मला मनीरामची कीव येत नव्हती. कीव यायची ती सुंदरबाईची. तिचे गुडघे आधीच धरलेले, त्यात ओल्या जमिनीवर उठबस. समोर जावेच्या कोरड्या ओसरीवर चूल पेटलेली दिसायची आणि ही बाई डब्ब्यात ओली गोधडी पिळत बसायची, ती कोणाच्या शपथेपायी? तिनं एकदा म्हटलंही, "अजी, वरून गळून राहिलं अन् तुमी खालून बुजवून राहिले. एखादं भोक खोला ना."

"खोलू? अन् पाणी त्याच्या अंगणात जाऊ देऊ?" मनीराम म्हणाला. विषय संपला.

मग झड लागली. तिसऱ्या दिवशी जमीन पायाखाली डुगडुगायला लागली, तसे आम्ही चारजण बघायला गेलो. टिकारामही छत्री घेऊन आला आणि दाराबाहेरच उभा राहिला. भावाला बघताच मनीरामला चेव चढला. "जमीन पक्की हाय, पाहा!" म्हणून त्यानं जोरात पाय आपटला.

पाय मांडीपर्यंत आत गेला. फळी फुटली, खालचा पत्रा फाटला आणि पावसाळाभर साठवलेलं पाणी भळाभळा निघालं ते सरळ टिकारामच्या अंगणात. टिकाराम बघतच राहिला. मग म्हणाला, "मागलं तवा नाई देलं. आता कायले देऊन राहिला?"

आम्ही हसलो. हसू नये असं वाटलं, तरी हसलो. मनीरामचा पाय काही निघेना. टिकाराम आत आला, पण हात पुढे करायच्या आधी त्यानं विचारलं, "रोवणीले पार फोडू देशीन?"

"नाई!" एक पाय पत्र्यात अडकलेला मनीराम म्हणाला. आणि टिकारामही खरोखर हात बांधून उभा राहिला. सारखेच दोघं.

सुंदरबाईनं कोणाकडे पाहिलं नाही. गोधडी गुंडाळली, तवा काखेत घेतला. "शपथ तुमची, पाणी तुमचं. मी कायले भिजू?" एवढं बोलून ती रस्ता ओलांडून गेली. ओसरीवरून जाऊ धावत आली आणि तिनं गोधडी आपल्या हातात घेतली.

मनीरामनं ते अडकल्या जागेवरून, दाराकडे वाकून पाहिलं. मग हळूच म्हणाला, "फोड पार. वढ आता."

घंटाभरानं तो टिकारामच्या ओसरीवर, खरचटलेल्या मांडीला हळद लावून बसला होता. शपथेचं काय, असं कोणी विचारायच्या आत त्यानंच घसा खाकरून जाहीर केलं, "हे पाहा, राहाले नाई आलो. पाऊस उघडेपर्यंत पाहुणे म्हणून आलो आमी."

सुंदरबाई चुलीपुढे हात शेकत होती. तिनं मागे वळूनही पाहिलं नाही.

"तुमी राहा पाहुणे," ती म्हणाली. "मी घरी आली."